इस्त्रीवाल्याचं रोजचं वाक्य

माझ्या भाऊजींना बोलायचाच कंटाळा, तिथे लिहिणं कुठलं! ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बाबांनी विचारलं, "काय करता?" भाऊजी म्हणाले, "इस्त्री." बाबांनी बराच वेळ वाट पाहिली. पुढे काही येत नाही म्हटल्यावर विचारलं, "आणि पुढे काय करायचा विचार आहे?" भाऊजींनी नीट विचार केला आणि म्हणाले, "इस्त्रीच." आई तोंडावर हात धरून आत पळाली. मला तर वाटलं, ही सोयरीक काही जमत नाही.

पण ताईला हाच माणूस आवडला. त्याचं कारणही उघड होतं. ताई बोलायला लागली की मधे टाचणी शिरायला जागा नसायची, आणि तिला जन्मभर पुरेल असा ऐकणारा हवा होता. लग्नानंतर दुकानाचा गल्ला ताईकडे आणि मागचं टेबल भाऊजींकडे. "हा शर्ट घालून झोपला होतात की काय? आणि मुलीच्या परीक्षेचं काय झालं?" असं ताईचं एका दमात चालायचं. लोक पँट घ्यायला यायचे आणि अर्ध्या गल्लीची खबरबात घेऊन जायचे. मागे भाऊजी पाण्याचा फवारा मारायचे, कॉलर सपाट करायचे, बाहीला धार काढायचे. दोघांची सरासरी काढली तर साधारण माणसाइतकं बोलणं होत असे. मी त्यांना मौनीबाबा म्हणायची, तोंडावर. ते हसायचे, पण तेही आवाज न करता.

मागच्या थंडीत ताईच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, पाय हळूहळू चालायला लागला, उजवा हात मात्र मंद राहिला आणि बोलणं गेलं. म्हणजे, सगळं गेलं असं नाही. "म्हणजे काय!" एवढं राहिलं. तिची ही जुनी सवय होती, दर दोन वाक्यांमागे एकदा "म्हणजे काय!" आता पाणी हवं असलं तरी "म्हणजे काय!", पंखा बंद करायचा असला तरी "म्हणजे काय!" आपल्याला काय म्हणायचंय ते तिला पुरतं कळत होतं, आपण काय म्हणतोय तेही कळत होतं, आणि मधला रस्ताच तुटलेला. तिच्या डोळ्यांत ते दिसायचं. मला बघवायचं नाही.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, एकटी. जन्मभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली. बॅग भरली आणि ताईकडे राहायला आले. त्यांचं घर दुकानाच्या बरोबर समोर, गल्ली ओलांडली की पहिल्या मजल्यावर. ताईचा पलंग आम्ही खिडकीला लावला, म्हणजे तिला निदान दुकान दिसेल.

दवाखान्यातून एक बाई घरी यायच्या, बोलणं परत शिकवायला. आम्ही त्यांना बोलण्याच्या बाई म्हणायचो. त्यांनी चित्रांची कार्डं आणली. पहिल्याच कार्डावर कप, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, हा कप आहे. ताईने कार्डाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि कडाडली, "म्हणजे काय!" यावेळी शब्द अगदी अचूक बसला होता. कार्ड भिरभिरत कपाटाखाली गेलं. बाईंनी अंक म्हणायला सांगितले, तर ताई न अडखळता वीसपर्यंत म्हणून मोकळी. मी टाळ्या वाजवल्या. भाऊजींचे तर डोळेच भरून आले.

बाईंनी मान हलवली. "हे पाठ आहे," त्या म्हणाल्या. "पाठ असलेलं असं आपोआप बाहेर येतं. अंक, वार, लहानपणची गाणी, सगळं येईल. त्याला बोलणं म्हणायचं नाही. त्यांना रोज काहीतरी नवीन वाचायला द्या. छोटं, आणि त्यांना वाचावंसं वाटेल असं. वाचता वाचता कधीतरी त्यांचं स्वतःचं वाक्य यायला हवं. हे पहिले महिने वाया जाऊ देऊ नका. पुढे पुढे अवघड होत जातं."

वाचावंसं वाटेल असं, हीच तर मेख होती. वर्तमानपत्र पुढे धरलं की ताई तोंड फिरवायची. मी गोष्टींची पुस्तकं आणली, तिने ती उशीखाली सारली, उंची हवी म्हणून. दुकान सोडून दुसऱ्या कशाकडे ती बघतच नव्हती.

मग एके सकाळी गल्लीतली वीज गेली. भाऊजींनी दुकानाबाहेरचा फळा पुसला आणि खडूने लिहिलं, वीज नाही. कपडे उद्या मिळतील. मी ताईला चमच्याने खीर भरवत होते. ती खिडकीतून बघत होती आणि एकदम तिच्या तोंडून निघालं, "वीज... नाही. कपडे... उद्या..." माझ्या हातातला चमचा पडला. मी तशीच अनवाणी खाली धावले. भाऊजींना सांगितलं तर त्यांनी फळ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला प्रश्न विचारला, "उद्या काय लिहू?"

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या घरात ठाण मांडून बसला.

सुरुवातीचे काही दिवस बरे गेले. दुकानाच्या सूचना होत्याच. पण खऱ्या सूचना असतात किती? त्या संपल्या तशा भाऊजी खोट्या लिहायला लागले. उद्या दुकान उशिरा उघडेल, असं लिहिलं आणि नेहमीप्रमाणे सकाळी उघडून बसले, तर दुपारपर्यंत एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, आजपासून टोप्यांनाही इस्त्री मिळेल. संध्याकाळी एक म्हातारेबुवा खरंच टोपी घेऊन हजर. भाऊजींनी ती इस्त्री केली. टोपीचं काय झालं ते विचारू नका.

मग त्यांनी कॅलेंडरच्या पानामागचे सुविचार काढले. वेळेचं महत्त्व, कष्टाचं महत्त्व, सगळी महत्त्वं एकेक करून फळ्यावर आली. ताई पहिला शब्द बघायची आणि पुढचं खिडकीकडे पाठ करून घडाघडा म्हणायची. शाळेत आम्हा दोघींच्या डोक्यात तेच तर कोंबलेलं होतं. मी म्हटलं, हे पाठ आहे, याचा उपयोग नाही. शेवटी मीच कंबर कसली. मला वाटायचं, आपल्याला काही कमी सुचत नाही. मी सोनेरी किरणं, हसरी फुलं, आशेची पहाट असं एक झोकदार वाक्य करून दिलं. भाऊजींनी बिचाऱ्यांनी ते निमूटपणे उतरवून काढलं. ताईने ते वाचलं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला लहानपणी खोटं बोलताना पकडली जायचे तेव्हाची आठवण झाली. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर भाऊजी हातात खडू घेऊन कोऱ्या फळ्यासमोर उभे. मी परत आले तरी तसेच. बेकरीवाला त्याच्या दारातून त्यांच्याकडे बघत होता.

"काही सुचत नाही गं," ते म्हणाले. "लिहिणाऱ्या माणसांना कसं सुचत असेल?"

"कालचं काहीतरी लिहा," मी म्हटलं.

"काल काही झालं नाही."

"दिवसभर दुकानात काय केलंत मग?"

"शर्ट केले."

"आणि?"

ते विचारात पडले. "एक शर्ट आला होता. त्याची सगळी बटणं वेगवेगळ्या रंगाची. एकही जोडीचं नाही."

"अहो, मग हे लिहा की!"

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "हे? हे लिहायचं असतं?"

"खडू हातात आहे ना? लिहा."

त्यांनी लिहिलं, काल एक शर्ट आला. बटणं सगळी वेगवेगळ्या रंगाची. मी धावत वर गेले. ताई उठून बसली होती. तिने एकेक शब्द उचलून उचलून ते वाचलं, मग स्वतःच्या झग्याची बटणं चाचपून पाहिली आणि हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसली. मी खिडकीतून भाऊजींना हातानेच सांगितलं, हसली म्हणून. ते गल्लीच्या मधोमध उभे होते आणि मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

मग गाडी रुळावर आली. जन्मभर हा माणूस कपडे बघत आला होता, आता कपडे आणून देणाऱ्यांकडेही बघायला लागला. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बसा ना. काय विशेष?" लोक आधी दचकले. मौनीबाबा बोलतोय म्हणजे नक्की भाव वाढवणार, असं काहींना वाटलं. पण हळूहळू लोक बसायला लागले. फळ्यावर एकेक येऊ लागलं. शिंप्याच्या स्वतःच्या पँटची शिवण उसवलीय, ती उसवलेलीच आहे. शाळेच्या बसचा ड्रायव्हर रुमालालाही इस्त्री करून घेतो. बेकरीवाल्याला पावाचा वास आवडत नाही. ताई वाचायची, मान डोलवायची, कधी कपाळावर हात मारून घ्यायची. ही माणसं तिची रोजची होती. त्यांच्याबद्दल वाचायला ती सकाळी उशीला टेकून तयार असायची.

यात एकदा गडबड झाली. भाऊजींनी लिहिलं, दातांच्या डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात पुन्हा गोळ्यांचे कागद सापडले. डॉक्टरांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच. दुपारी ते पांढऱ्या कोटातच तणतणत आले. "अहो, माझे पेशंट वाचतात ना! मी त्यांना गोड खाऊ नका म्हणून सांगतो आणि तुम्ही माझी अब्रू चव्हाट्यावर मांडता?" भाऊजींनी माफी मागितली आणि फळा पुसायला घेतला. मी मधे पडले, फळा कुणासाठी लिहिला जातो ते सांगितलं. डॉक्टरांनी वर पाहिलं. खिडकीत ताई होती. एक दुखरी दाढ बरी केल्याच्या बदल्यात तिने या डॉक्टरांना वर्षानुवर्षं सगळ्या गल्लीच्या बातम्या पुरवल्या होत्या. 

"लिहा तुम्ही," मग म्हणाले. "फक्त एक करा. ती गोळी खोकल्याची होती असं लिहा."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, डॉक्टरांची गोळी खोकल्याची होती. ताईने वाचलं आणि खिडकीतून असं काही "म्हणजे काय!" म्हणाली की खाली डॉक्टरांसकट सगळे हसले. त्या माणसाने आपली थट्टा आपल्या हाताने आम्हाला देऊन टाकली. मी त्यांचे उपकार विसरणार नाही. भाऊजींनी मात्र तेव्हापासून ठरवलं की कुणाच्या खिशातलं काही फळ्यावर येणार नाही. मी म्हटलं, "अहो, खिसे म्हणजे तुमची खाण आहे." ते म्हणाले, "लोक विश्वासाने कपडे देतात." विषय संपला. खाण बंद.

गल्लीला कळलं तसे लोक आपणहून काही ना काही आणून द्यायला लागले. "भाऊ, हे लिहा, आमच्याकडे पाहुणे आलेत." "हे लिहा, मला बढती मिळाली." बेकरीवाला तर रोज सांगायचा, ताजे पाव मिळतील असं लिहा. भाऊजी म्हणाले, "ही जाहिरात झाली." बेकरीवाला दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी ताईसाठी मऊ पाव घेऊन वर आला. लोकांचं मन मोठं होतं, पण त्यांनी दिलेल्या गोष्टींत ताईला रस वाटत नसे. पाहुणे सगळ्यांकडेच येतात. मग भाऊजींना कळलं की निदान एका माणसाची अब्रू बिनधास्त वापरता येईल, ती म्हणजे स्वतःची. ताई आजारी पडल्यापासून सकाळचा चहा-नाश्ता त्यांच्याकडे होता आणि त्यात तर रोजच काही ना काही घडायचं. अंडी उकडायला ठेवली आणि विसरलो. भांडं गेलं. चहात मीठ पडलं. मेहुणीने न बोलता प्यायला. झाडू उलटा धरून अर्धी खोली झाडली. ताई वाचून वाचून हसायची. मी मीठ घातलेला चहा का प्यायले, तर त्या माणसाच्या तोंडाकडे बघून.

असं छान चाललेलं असताना बोलण्याच्या बाई एक दिवस जिन्यात थांबल्या. मी त्यांना सोडायला गेले होते. "वाचन फार सुधारलंय," त्या म्हणाल्या, "पण मला थोडी काळजी वाटते. समोर लिहिलेलं असेल तरच शब्द येतात. स्वतःचं एकही वाक्य अजून नाही. इथेच थांबायला नको होतं." मान वळवली तर खालच्या पायरीवर भाऊजी, हातात घडी केलेल्या चादरी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते चादरी घेऊन वर निघून गेले. पण त्यानंतर त्यांना सुचणंच बंद झालं. सकाळी फळ्यासमोर उभे राहायचे, एखादा शब्द लिहायचे, पुसायचे. मी सुचवलं तर म्हणायचे, "माझ्या वाक्यांनी काय होणार? मी लिहितो, ती वाचते. तिचं आतलं तर आतच राहतंय." त्या माणसाचं कोमेजलेलं तोंड बघून मला रडू यायचं आणि चिडायलाही व्हायचं, कुणावर ते कळत नव्हतं.

त्यातच दुकानातली इस्त्री बिघडली. लग्नाच्याही आधीची, अवजड, भाऊजींच्या हाताला बसलेली. वायरमनने उघडून बघितली आणि हात वर केले. त्या सकाळी भाऊजींकडे लिहायला दुसरं काही नव्हतंच. त्यांनी लिहिलं, जुनी इस्त्री बिघडली आहे. उद्या नवी आणतो. लिहून झाल्यावर लांब जाऊन त्यांनी फळा पाहिला. त्यांची 'इ' म्हणजे आधीच वाकडंतिकडं प्रकरण, त्यात खडू ओला. ताईला ती लागणार नाही, म्हणून त्यांनी तेवढीच बोटाने पुसली, नीट काढावी म्हणून. तेवढ्यात एक गिऱ्हाईक धापा टाकत आलं, तासाभरात मुलाखत आहे आणि पँटचा चोळामोळा झालाय. इस्त्री तर बंद. भाऊजी समोरच्या शिंप्याची इस्त्री मागायला पळाले आणि 'इ' राहूनच गेली.

मी वर ताईचे केस विंचरत होते. ती नेहमीप्रमाणे वाचायला लागली.

"जुनी... स्त्री... बिघडली... आहे."

माझा हात थांबला. मी खिडकीतून डोकावले. भाऊजी शिंप्याची इस्त्री कवटाळून गल्ली ओलांडत होते.

"उद्या... नवी... आणतो."

तिने फळ्याकडे परत पाहिलं. तिचा चेहरा लाल होत गेला. डाव्या हाताने तिने खिडकीची चौकट धरली, अर्धी उठली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आणून... तर... बघा!"

भाऊजी जागच्या जागी उभे राहिले. बेकरीवाल्याने पावाची परात खाली ठेवली. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फळ्यावर नव्हतं, कार्डावर नव्हतं, शाळेत पाठ केलेलं नव्हतं. हे ताईचं होतं.

"काय?" भाऊजी खालून म्हणाले. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. "काय आणू नको?"

"नवी... स्त्री!" ताई म्हणाली आणि फळ्याकडे बोट केलं. "आणून... तर बघा... तुम्ही!"

आता भाऊजींनी वळून फळा वाचला. त्यांच्या कानापर्यंत लाली चढली. बेकरीवाला भिंतीला टेकून हसायला लागला, मुलाखतवाला आपली मुलाखत विसरून हसायला लागला. मीही हसत होते, आणि हसता हसता मला हुंदका फुटला. भाऊजी हसले नाहीत. ते खिडकीखाली आले, ती जड इस्त्री तशीच छातीशी धरून, वर बघत म्हणाले, "परत बोल. अगं, परत बोल ना. कितीही रागाव."

ताई रागावलीच. चार-पाच शब्द तरी तिने त्यांना ऐकवले, त्यातले दोन इथे लिहिता येणार नाहीत. भाऊजी मान वर करून ते सगळं झेलत उभे होते आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते. इतका आनंदाने शिव्या खाणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

बोलण्याच्या बाई आल्यावर आम्ही तिघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली. त्यात ताईही होती. तिला "स्त्री" आणि "नवी" एवढंच नीट सांगता आलं, पण ते ऐकून बाईंना काय समजायचं ते समजलं आणि त्या खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "आता थांबायचं नाही. आता त्यांच्याकडे सांगायला काहीतरी आहे. फळ्यावरचं वाचून झालं की त्यांना बोलू द्या. वेळ लागला तरी मधे शब्द देऊ नका." मला त्यांचे हात धरून ठेवावेसे वाटले, आणि मी धरले.

शब्द मधे द्यायचे नाहीत, हे मला कठीण गेलं. मला कुणी अडखळलं की पटकन जोडून द्यायची सवय. भाऊजींना मात्र ते उत्तम जमलं. ताई एका शब्दापाशी अडली की ते चहाचा घोट घ्यायचे, खिडकीबाहेर बघायचे, कपाची घडी घालता आली असती तर तीही घातली असती, पण ताईच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. दोन-दोन मिनिटांनी शब्द यायचा. कधी चुकीचाच यायचा आणि ताई चिडून पहिल्यापासून सुरू करायची. तेवढ्या वेळात मी तीनदा आत-बाहेर करायची. ते मात्र बसलेले असायचे. जे मला लग्नाआधी या माणसात खटकलं होतं त्यानेच माझी बहीण परत आणली, आणि हे मी भाऊजींना सांगितलंही. ते म्हणाले, "चहा गार होतोय."

फळा चालूच राहिला. नवी इस्त्री आली तेव्हा भाऊजींनी 'इ' अशी टपोरी काढली की ती बेकरीतून वाचता येत होती. पण आता एक फरक पडला. वाचून झालं की ताई खिडकीतून त्यावर काहीतरी म्हणायची. एक शब्द, दोन शब्द. मग कधी पूर्ण वाक्य, लंगडत का होईना. फळ्यावर जे लिहिलंय त्याला तिचं उत्तर ठरलेलं, आणि ते बहुतेक वेळा भाऊजींच्या विरोधात. गल्लीतले लोक ते ऐकायला थांबायला लागले.

परवाची गोष्ट. ऊन कोवळं होतं, दुकान नुकतंच उघडलं होतं आणि मी गल्ल्यावर बसले होते, कारण आता सकाळची ती माझी जागा झाली आहे. टेबलावर डॉक्टरांचा कोट पसरलेला. भाऊजी बाहेर फळ्यासमोर उभे, हातात खडू. बराच वेळ झाला. एकदा त्यांनी शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली. माझ्याकडेही काही नव्हतं. पूर्वी अशा वेळी त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला ठाऊक होतं, म्हणून मला जरा धाकधूक वाटली.

वर खिडकीत ताई येऊन बसली. तिने कोरा फळा पाहिला.

"आज... काय?" तिने विचारलं.

भाऊजींनी मान वर केली. "आज काही सुचत नाही गं," ते म्हणाले. "कालचा सगळा दिवस शोधला. काही नाही."

ताईने थोडा वेळ घेतला. शब्द कुठून तरी लांबून येत होते, पण येत होते. आम्ही दोघांनी वाट पाहिली.

"मग... वर या," ती म्हणाली. "मी... सांगते."

भाऊजींनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. हात पँटला पुसले, जे ते कधीच करत नाहीत. मला काही न सांगता गल्ली ओलांडली आणि जिना चढून गेले. खिडकीत ताईचं डोकं आत वळलेलं दिसलं, मग दोघांचीही डोकी दिसेनाशी झाली.

थोड्या वेळाने डॉक्टर कोट न्यायला आले. टेबलावर अर्धवट पडलेला कोट बघून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "हे काय, इस्त्रीवाले कुठे गेले?"

"वर गेलेत," मी म्हटलं. "बसा. ऐकतायत."

डॉक्टर बसले.